मदत हवी आहे: वजन पासिंगच्या आत, तरी हौद्याबाहेर आलेल्या सळयांचं २० हजारांचं चलान

दहाचाकी:
नमस्कार मंडळी. घरची एकच दहाचाकी ट्रक आहे, २८.५ टन पासिंगची (म्हणजे गाडी आणि माल मिळून एवढ्या वजनाची परवानगी). भाऊ चालवतो, कागदपत्रं मी बघतो. जालन्यातल्या एका मिलमधून विदर्भातल्या साइटवर सळया नेतो. माल एरवी दुमडून, 'यू' करून येतो, त्यामुळे हौद्यात बसतो. या खेपेला बिल्डरला २५ आणि ३२ एमएमचा माल सरळच हवा होता. सळई १२ मीटरची, हौदा २४ फुटी. मिलच्या हमालांनी पुढची टोकं केबिनवर चढवली, मागचा फाळका पाडला आणि शेपटाला लाल फडकं बांधलं. भावानं हरकत घेतली तर लोडिंगवाला म्हणे, "सगळे असेच जातात."

रात्री आरटीओच्या वायुवेग पथकानं अडवलं. काटापावती व्यवस्थित आहे, वजनाचा प्रश्नच नाही. चलान माल बाहेर आल्याचं, २०,००० रुपये. वर माल नीट लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. क्रेन आणि ट्रेलरचा खर्च वेगळाच. मिलवाले म्हणतात गाडी तुमची, तुम्ही बघा. एजंट फोन उचलत नाही. ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आज रात्री १२ ला संपतंय. वजन बरोबर असताना हे चलान बसतं का? आणि भरायचं कोणी?

बांधावरचा:
भरा आणि मोकळे व्हा. कोर्टाच्या खेपांत त्याहून जास्त जातील.

काळाकोट:
बसतं. मोटार वाहन कायद्यात वजनाचं आणि बाहेर आलेल्या मालाचं कलम वेगळं. ओव्हरलोडला १९४(१): २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तुमचं १९४(१-ए), २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. माल बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला की २०,००० दंड आणि उतरवण्याचा खर्च. माल नीट लावेपर्यंत गाडी सोडायची नाही, हेही त्याच कलमात आहे, म्हणजे पथकानं मनाचं काही केलेलं नाही.

लाल फडक्याचा उपयोग शून्य. पूर्वी फडकं आणि रात्री दिवा लावून ठरावीक मर्यादेपर्यंत माल मागं काढता यायचा. ती सवलत केंद्रानं २०१४ मध्येच काढली. 'ओडीसी परवाना (मापाबाहेरच्या मालाचा) काढू' असं कोणी सांगेल, पण तो ज्या मालाचे तुकडे होत नाहीत अशासाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीची पाती. सळईला कोण देणार?

आता कोणी भरायचं. कलमात गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघं आहेत. 'लावणारा' यात माल भरून देणारी मिलही ओढता येते, असं माझं मत. पण चलान गाडीच्या नंबरवर आहे, त्यामुळे आधी तुमच्याच मागे लागणार. मिलकडून वसुली हा करारातला वाद. बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) लोडिंगबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा.

शेवगावकर:
वकीलसाहेबांचं झालं, आता गाडीचं ऐका. चाळीस फुटी माल आणि चोवीस फुटी हौदा हे जमतच नाही, लोडिंगवाला काहीही म्हणो. फाळका पाडला की मागचे दिवे आणि नंबर झाकला जातो, रिफ्लेक्टर पट्टीही. मागं जो लोखंडी बंपर असतो तो कारवाला गाडीखाली घुसू नये म्हणून. सळया बाहेर असल्या की कार बंपरला लागायच्या आधी सळया काचेतून आत. रात्री टोकाकडून बघितलं तर सळई दिसतच नाही, ठिपका दिसतो.

आणि दोरीच्या भरवशावर राहू नका. दोरी वरचा थर धरते, गठ्ठ्याच्या पोटातल्या सळया तशाच सुट्या असतात. करकचून ब्रेक लागला की त्या सुरीसारख्या केबिनमध्ये येतात. पुढची भिंत मजबूत हवी आणि माल तिला टेकलेला हवा. तुमची टोकं तर केबिनच्या वर होती, म्हणजे टेकलीच नव्हती.

ओहायोकर:
मी इथे अमेरिकेत एका ट्रक कंपनीत सेफ्टी बघतो. शेवगावकरांचंच इथल्या नियमात आकड्यांत लिहिलंय. बांधणीनं मालाच्या वजनाच्या ०.८ पट रेटा पुढच्या दिशेनं सोसला पाहिजे, म्हणजे २० टन सळयांचा १६ टन. सगळ्या साखळ्या-बेल्टची मिळून क्षमता मालाच्या निम्मी तरी हवी. तुमच्या १२ मीटर मालाला किमान पाच बेल्ट, पुढं भिंतीला टेकलेला असेल तर चार. ड्रायव्हरनं पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी तपासायची, पुढेही अधूनमधून. नियम केंद्राचे, पण रस्त्यावर अडवून तपासतात राज्यांचे पोलीस. फाटका बेल्ट मोजतच नाहीत, आणि उरलेले कमी पडले तर गाडी जागेवर उभी करतात.

हिशेबनीस_ताई:
दादा, चर्चा चालू राहील, तुम्ही आधी ई-वे बिल बघा. मुदत संपायच्या आधी ८ तास ते नंतर ८ तास एवढ्याच वेळात वाढवता येतं. माल ट्रेलरवर टाकलात तर बिलाच्या भाग-ब मध्ये, जिथे गाडीचा नंबर असतो, ट्रेलरचा नंबर भरा. जुन्या नंबरवर माल पुढं निघाला तर दुसरंच प्रकरण उभं राहील.

दहाचाकी:
ताई, मोठं काम केलंत. मुदत वाढवली, भाग-बही बदलला. ४० फुटी ट्रेलर आलाय, क्रेननं माल चढतोय, पाच साखळ्या लावायला सांगितल्यात. मिलच्या मॅनेजरला कलम वाचून दाखवलं तेव्हा उतरवणीचा निम्मा खर्च देतो म्हणाला, दंडाबद्दल गप्प. काळाकोट साहेब, पुढच्या बिल्टीवर नेमकं काय लिहून घेऊ?

काळाकोट:
'माल पाठवणाऱ्याच्या माणसांनी भरला. हौद्याची लांबी २४ फूट, मालाची लांबी अमुक. माल हौद्याबाहेर राहिल्यास दंड, उतरवणी आणि खोळंब्याचा खर्च पाठवणाऱ्याकडे.' खाली मिलचा शिक्का आणि सही. गेटमधून निघायच्या आधी चारही बाजूंनी तारीख-वेळेसह फोटो काढा. सही देत नसतील तर भाऊनं गाडी गेटच्या आतच उभी ठेवावी. निम्म्या खर्चाचं मॅनेजरकडून आजच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.