«हो» टाइप केलं तरी व्हाइल लूप थांबत नाही

प्रश्न:
पायथनमध्ये «हो» किंवा «नाही» एवढंच उत्तर घ्यायचं आहे, दुसरं काही आलं तर पुन्हा विचारायचं. अट अशी आहे:

व्हाइल उत्तर != "हो" ऑर उत्तर != "नाही":

एरर येत नाही, पण «हो» टाइप केलं तरी परत विचारतो. चूक कुठे आहे?

उत्तर १:
चूक «ऑर»मध्ये आहे. व्हाइलला लूप कधी थांबायचा ते सांगत नाही, कुठवर चालायचा ते सांगतो. तुमच्या मनात «हो किंवा नाही आलं की थांब» असं आहे. ते उलटवताना == (समान आहे) चं != (समान नाही) झालं, «किंवा» मात्र तसाच राहिला. उत्तर "हो" धरून अट सोडवा: पहिला भाग फॉल्स, दुसरा ट्रू, आणि ऑरला एक ट्रू पुरतो. "नाही" धरलं तर पहिला भाग ट्रू. म्हणजे काहीही टाइप करा, अट खरीच. ऑर काढून अँड टाका.

उत्तर २:
अँड बरोबर, पण "हो" नंतर चुकून स्पेस पडली तर पायथनच्या लेखी तो वेगळा शब्द. इनपुटला स्ट्रिप (आधीच्या-नंतरच्या स्पेस काढणारं) लावाच. पर्याय वाढणार असतील तर मला हे जास्त स्वच्छ वाटतं:

व्हाइल उत्तर नॉट इन ("हो", "नाही"):

लूपच्या आधी उत्तर = "" हवं, नाहीतर पहिल्याच तपासणीत नेमएरर (हे नाव अजून ठरलेलंच नाही, अशी एरर). आणि इनपुटची ओळ लूपच्या आत हवी. बाहेर राहिली तर उत्तर बदलणारच नाही.

प्रश्नकर्ता:
चाललं, आभार! दुसऱ्या एका लूपमध्ये बेरीज ० पासून दर फेरीला ०.१ ने वाढते, अट बेरीज != १. तिथे ऑर नाही, तरी थांबत नाही.

उत्तर ३:
लूपच्या आत पहिल्याच ओळीत बेरीज प्रिंट करा आणि थोड्या वेळाने कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवा. ०.१ बायनरीत (कॉम्प्युटरच्या ०-१ च्या लिपीत) नेमका लिहिता येत नाही, त्यामुळे दहा वेळा मिळवल्यावर १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ दिसेल. पुढच्या फेरीत बेरीज १ ओलांडते, बरोबर १ कधीच होत नाही. != च्या जागी < लिहिलं तर लूप थांबेल, पण १० ऐवजी ११ फेऱ्या होतील, आणि ही चूक लवकर लक्षात येत नाही. फेऱ्या पूर्णांकानेच मोजा: क्रमांक ० पासून, अट क्रमांक < १०, आत बेरीज = क्रमांक / १०, शेवटी क्रमांक += १. ही शेवटची ओळ विसरलात तर लूप पुन्हा अडकेल.