चर्चा धागा: एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्यांत तुलनागटाऐवजी पार्श्वभूमी दर चालेल का?

लॉगरँक: चालेल. पार्श्वभूमी दर म्हणजे प्रतिबंधक औषध नसताना त्याच लोकांत होणाऱ्या नव्या संसर्गांचा दर. परिणामकारक प्रतिबंधक गोळी असताना प्लासिबो (बिनऔषधाची गोळी) देता येत नाही, आणि गोळीशीच तुलना करायची तर आकडे अंगावर येतात. धोका निम्मा होतो हे ९० टक्के पॉवरने (परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता ९० टक्के) दाखवायला साधारण ८८ नवे संसर्ग लागतात. तुलनागटात शंभर व्यक्ती-वर्षांमागे (शंभर जणांवर वर्षभर लक्ष ठेवल्यास) ३ संसर्ग होत असतील, तर ३,९०० व्यक्ती-वर्षांत भागतं. गोळीने तो दर ०.५ वर आणला, की २३,५०० लागतात. त्यापेक्षा स्क्रीनिंगमध्ये (चाचणीत घेण्याआधीच्या तपासणीत) सापडलेल्या ताज्या संसर्गांवरून दर काढा आणि नवं औषध त्याच्याशी ताडा. लेनाकापाविर या प्रतिबंधक इंजेक्शनच्या पर्पज १ चाचणीने हेच केलं.

प्रश्नचिन्ह: केलं, पण गोळीचा गटही ठेवला होता, हे सोयीस्कर विसरलात! २०२४ चा निकाल: लेनाकापाविर २,१३४ मध्ये ०, ट्रुवाडा (तुलनेची गोळी) १,०६८ मध्ये १६ संसर्ग. यादृच्छिक तुलनेतूनही उत्तर मिळालंच. पार्श्वभूमी दर शंभर व्यक्ती-वर्षांमागे २.४१ होता खरा, पण तो स्क्रीनिंगआधीच्या काळाचा. चाचणीत आल्यावर समुपदेशन, कंडोम मिळतात. औषधाविना सहभागींचा दर किती राहिला असता? शिवाय एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) चालू असलेल्याचा जुना संसर्गही ताजा दिसू शकतो.

तळटीप: भीती रास्त, जागा चुकली. समजा ७,५०० निगेटिव्ह, ५०० पॉझिटिव्ह, त्यांत ९० ताजे; ताजेपणाचा सरासरी काळ (संसर्ग तपासणीत ताजा दिसतो तेवढे दिवस) १७३ दिवस, मर्यादा २ वर्षं (त्याहून जुना संसर्ग ताजा दिसला तर तो खोटा ताजा). खोट्या ताज्यांचं प्रमाण १.५ टक्के धरा, दर २.४८ येतो, ३ टक्के धरा, २.४२. किरकोळ फरक. पण काळ १४० दिवस धरला, की दर थेट ३.११! विषाणूच्या उपप्रकारानुसार हा काळ बदलतो, म्हणून खरी ठिणगी तिथे. ताजे फक्त २० असते, तर मात्र पहिले दोन आकडे ०.३८ आणि ०.१६ झाले असते.

लॉगरँक: म्हणूनच व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) बघायचा, रक्तात एआरटी तपासायची, आणि नुकतीच एचआयव्ही तपासणी झालेल्यांना या मोजणीत घ्यायचं नाही, नाहीतर ताजे कमी सापडतात. सरासरी काळाची अनिश्चितताही विश्वास-अंतराळात (खरा दर ज्या पट्ट्यात असावा त्यात) धरायची. ती वगळली, की अंतराळ फसवं अरुंद होतं.

प्रश्नचिन्ह: तेवढं करूनही छोटा गोळी-गट ठेवाच, पर्पज १ मधल्या २:२:१ सारखा (लेनाकापाविर, आणखी एक गोळी, ट्रुवाडा). आणि रक्तातली औषधपातळी मोजा. व्हॉइस या प्रतिबंधक औषधांच्या जुन्या चाचणीत गोळीच्या गटांतल्या जेमतेम ३० टक्के नमुन्यांत टेनोफोविर (गोळीतलं औषध) सापडलं होतं. ते मोजलं नसतं, तर न घेतलेली गोळी निकामी ठरली असती.

तळटीप: पातळी सगळ्यांची नको. संसर्ग झालेले सगळे, आणि बाकीच्यांतून चिठ्ठ्या टाकून काही. प्रयोगशाळेचा खर्च तिथेच वाचतो.