शिमानामी कायदो: एक रात्र बेटावर काढाच

जपानमधला शिमानामी कायदो, म्हणजे बेटं आणि पूल ओलांडत जाणारा सायकल मार्ग, एका दिवसात उरकेल का, असं कुणीही विचारेल. ओनोमिची ते इमाबारी साधारण ७० किमी, म्हणजे उरकेल. पण घाई करू नका, एक रात्र मधल्या बेटावर काढाच. रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे, तिच्या मागे जात राहायचं. पुलांवर चढायला सायकलींसाठी वेगळे वळणदार रस्ते आहेत, चढ बेताचा, दम लागत नाही.

शेवटचा कुरुशिमा पूल सुमारे ४ किमीचा. मध्येच थांबून खाली बघा, समुद्र नदीसारखा पळतो, भोवरे फिरतात. या ओढीशी झुंजतो म्हणूनच इथला ताइ, हा गुलाबी मासा, घट्ट मांसाचा, असं तिथले लोक सांगतात.

इमाबारीत ताइमेशी खाल्ली. अख्खा मासा भातातच शिजवलेला. झाकण काढलं की वाफेबरोबर वास येतो, मग काटे काढून मांस भातात कालवायचं. मसाला नावालाही नाही, तरी मी तळाची खरपुडीसुद्धा खरवडून खाल्ली! (उवाजिमा शहराच्या पद्धतीच्या ताइमेशीत मात्र मासा कच्चा असतो, कच्च्या अंड्यासोबत गरम भातावर. मागवताना विचारून घ्या.)

वाटेत सेतोदा या गावाची लिंबं चुकवू नका.