जॉली ग्रीन २३ : चौघांच्या फलकावर नेमके काय लिहावे?

ढगाआड
विमानांच्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात एचएच-३ई हेलिकॉप्टर ठेवतो आहोत. शेजारचा फलक जॉली ग्रीन २३ (अशाच एका हेलिकॉप्टरचे रेडिओवरचे नाव) च्या चौघांचा असेल. ९ जून १९६८ ला व्हिएतनाममध्ये, जमिनीवर अडकलेल्या अमेरिकी मरीन दलाच्या वैमानिकाला उचलायला गेलेले हे हेलिकॉप्टर पडले. अवशेष ३५ वर्षांनी परत आले. मसुदा असा : "अमेरिकी वायुदलाच्या शहीद वैमानिकांची पार्थिवे २००३ मध्ये २१ तोफांच्या सलामीत दफन झाली." यात चुका असतील तर कृपया सांगा. इतका उशीर का लागला, हेही दोन ओळींत लिहायचे आहे.

कातळरेघ
चुका आहेत, आणि त्या नावांशी संबंधित असल्याने आधी त्याच बघा.

चौघेही वैमानिक नव्हते. जॅक रिटिशिअर आणि रिचर्ड यींड हेलिकॉप्टर उडवत होते. एल्मर होल्डन फ्लाइट इंजिनीअर. दाराशी उभे राहून होइस्टची (माणसाला वर खेचणाऱ्या यंत्राची) तार सोडणे-ओढणे हे त्या जागेवरच्या माणसाचे काम. जेम्स लॉकर पॅरारेस्क्यू, म्हणजे जखमी माणूस स्वतः तारेच्या आसनावर बसू शकत नसेल तर खाली उतरणारे.

दुसरे, रिटिशिअर वायुदलाचे नव्हतेच. ते अमेरिकी तटरक्षक दलाचे लेफ्टनंट, अदलाबदलीच्या योजनेत वायुदलाच्या, व्हिएतनाममधल्या दा नांगच्या ३७ व्या बचाव स्क्वाड्रनमध्ये आलेले. व्हिएतनाममध्ये बेपत्ता राहिलेले तटरक्षक दलाचे ते एकमेव, त्यामुळे ही चूक त्यांच्या दलाला फार लागेल. मरणोत्तर सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक त्यांना मिळाले. दफन ६ ऑक्टोबर २००३ ला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, तिथल्या कोस्ट गार्ड हिलवर झाले. "दफन २००३" ही तारीख त्यांची आहे, चौघांना मिळून लावू नका.

उशिराबद्दल : हेलिकॉप्टर पेटतच खाली आले आणि जमिनीवर जळून गेले. भोवती शत्रूचा ताबा होता, पायी जाऊन शोधणे अशक्य. युद्धानंतर त्या देशात शिरायलाच परवानगी हवी. दोन्ही देशांच्या संयुक्त शोधमोहिमा व्हिएतनाममध्ये १९८८ पासून. त्यात गोळीबारात घाईने टिपलेला नकाशाबिंदू डोंगराळ जंगलात थोडा जरी चुकला तरी शोधपथक वेगळ्याच उतारावर जाते.

जागा सापडली तरी काम संथच चालते. चौकोनी खण आखायचे, माती बादल्यांनी हातोहात चाळणीपर्यंत न्यायची आणि पाव इंची जाळीतून गाळायची. तिथली माती आम्लधर्मी, हाडे खाऊन टाकते. म्हणून बरेचदा दात आणि हाडांचे लहान तुकडेच हाती लागतात. दाताचे इनॅमल सगळ्यात जास्त टिकते, आणि जुन्या दंतनोंदी असतील तर ओळख तिथूनच पटते. नसतील तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए. तो आईकडून येतो, म्हणून नमुना सख्ख्या भावंडांचा किंवा मावशीच्या मुलांचा चालतो. सैनिकाच्या स्वतःच्या मुलांचा याला उपयोग नसतो. इतक्या वर्षांत असे नातेवाईक उरलेले नसणे हीच मोठी अडचण होते.

ध्वजकाठी
सलामीबद्दल. २१ तोफांची सलामी राष्ट्रप्रमुखांसाठी असते. सैनिकाच्या दफनाला बंदुकांच्या तीन फैरी झाडतात. बहुधा सात जण असतात, सात गुणिले तीन एकवीस, आणि तिथूनच हा घोळ होतो. फलकावर "बंदुकांच्या तीन फैरी" लिहा. त्यानंतर बिगुलावर टॅप्स, २४ सुरांची धून.

शवपेटीवरचा ध्वज ५ फूट बाय साडेनऊ फूट. ताऱ्यांचा निळा भाग डोक्याकडे, मृताच्या डाव्या खांद्यावर येईल असा. ध्वज पेटीबरोबर खाली जात नाही. त्रिकोणी घडी करून, निळा भाग बाहेर ठेवून, कुटुंबाच्या हाती देतात. प्रतिकृतीत पेटी दाखवणार असाल तर हे उलटे होऊ देऊ नका.

पेटीत अवशेष मूठभर असले तरी पूर्ण गणवेश ठेवतात. अवशेष लष्करी ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यावर पदकांसह गणवेश. मला हा सगळ्या विधीतला सर्वांत हळवा भाग वाटतो. कुणाचे कोणते हे वेगळे करता आले नाही, तर ते अवशेष एका पेटीत, सर्वांची नावे असलेल्या एकाच शिळेखाली जातात.

वॉशिंग्टनच्या भिंतीचा, म्हणजे व्हिएतनाम युद्धातल्या मृतांची आणि बेपत्तांची नावे कोरलेल्या स्मारकाचा, फोटो लावणार असाल तर सांभाळा. तिथे नावाशेजारी चौकट (पत्त्यांतल्या चौकटीसारखे चिन्ह) म्हणजे मृत्यू निश्चित, अधिकचे चिन्ह म्हणजे युद्ध संपताना बेपत्ता. अवशेष परत आले की अधिकावर चौकट कोरतात. पण "मारला गेला, देह मिळाला नाही" अशी नोंद असेल तर चौकट पहिल्यापासूनच असते. म्हणून प्रत्येकाचे चिन्ह फोटोत स्वतंत्र बघून मगच ओळ लिहा.

ढगाआड
खूप आभार. "शहीद" आणि "पार्थिव" ठेवू का?

कातळरेघ
"पार्थिव" म्हटले की वाचणाऱ्याला देह दिसतो, "अस्थी" म्हटले की आपल्याकडे दहनानंतरचा कलश. "अवशेष" बरोबर. "शहीद"ऐवजी "बचावकार्यात मारले गेले" लिहा. ते कशासाठी गेले होते हे त्यात येते.

आणि "पार्थिव" अगदीच चुकीचा शब्द नाही, फक्त इथे नाही. त्याच वर्षी, ७ फेब्रुवारी १९६८ ला, चंदीगडहून लेहला निघालेले आपल्या वायुदलाचे एएन-१२ रोहतांगच्या भागात १०२ जणांसह हरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातले आणखी चार मृतदेह मिळाले. बर्फाने देह राखले होते, खिशातल्या कागदांवरूनही ओळखीला मदत झाली. तिथे "पार्थिव" योग्यच.

ध्वजकाठी
हुद्दा नावाआधी आणि दल नावानंतर, असे चौघांचे चार वेगळ्या ओळींत लिहा. "आणि सहकारी" नको.