व्हारचार की एनव्हारचार?

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीत सभासदांच्या नावांचा रकाना एनव्हारचार (कोणत्याही लिपीतला मजकूर साठवणारा प्रकार) केला आहे, तरीही ‘ज्ञानेश्वर’ऐवजी नुसती प्रश्नचिन्हे साठवली जातात. असे का होत असावे?

उत्तर १: इन्सर्टमध्ये (नोंद भरण्याच्या आज्ञेत) नावाच्या अवतरणचिन्हाआधी मोठ्या लिपीतले ‘एन’ लिहायचे राहून गेले असावे. ते नसले की मजकूर आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये (ठरावीक अक्षरांच्या मर्यादित संचात) बदलला जातो, आणि त्यात देवनागरी नसल्याने रकान्यापर्यंत पोहोचण्याआधीच अक्षरे नष्ट होतात. ती नावे मूळ अर्जांवरूनच पुन्हा भरावी लागतील.

उत्तर २: २०१९ च्या आवृत्तीपासून व्हारचारलाही (एरवी कोडपेजवर चालणाऱ्या मजकूर-प्रकारालाही) यूटीएफ-८ कोलेशन, म्हणजे सर्व लिपींची अक्षरे साठवू देणारी मांडणी, देता येते, पण देवनागरीसाठी मी ते सुचवणार नाही. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना ४ अक्षरांचे दिसते. काने, मात्रा, हलन्त धरून त्यात १० संकेत (संगणक वेगवेगळी साठवतो ती चिन्हे) आहेत, म्हणजे एनव्हारचारमध्ये २० बाइट आणि यूटीएफ-८ मध्ये ३०.

प्रश्नकर्ता: ‘एन’ लावताच नाव नीट उमटले. मनःपूर्वक आभार.