साठीनंतर नवीन काहीतरी सुरू केलेल्या आज्या, आया, सासवा: अनुभव लिहा

घंटाळीकर:
काल वाशीहून परत येताना ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यात समोर सत्तरीच्या एक बाई होत्या. डोळे मिटलेले आणि बोटांवर मात्रा मोजणं चालू. तुर्भ्याला गर्दी चढली, कोणाची तरी पर्स त्यांच्या डोक्याला लागली, तरी तीनताल तुटला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची परीक्षा आहे, प्रवेशिका पूर्ण. माझ्याबरोबर बसणारा मुलगा पाचवीत आहे, आणि त्याच्या ताना माझ्यापेक्षा बऱ्या."

मला सासूबाईच आठवल्या. सासरे गेल्यावर त्या बाल्कनीतून उठायच्याच नाहीत. पेपर समोर धरायचा, पान उलटायचं नाही. नवरात्रात शेजारच्या काकूंनी बळंच भजनी मंडळात नेलं. गाता येत नाही म्हणाल्या तर हातात टाळ दिले. टाळांवरून पेटीवर कधी गेल्या कळलंच नाही. मग रोज दुपारी आमच्या हॉलमध्ये सारेगम, तेही वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. नवरा एकदा म्हणाला, "आई, बाबा असताना तू कधी गुणगुणलेलंही ऐकलं नाही." तर म्हणाल्या, "ते झोपायचे ना रे दुपारी."

दुःख कमी झालं की नाही, माहीत नाही. पण चार वाजले की साडी बदलून तयार. पुढे मंडळाचा हिशेबही त्यांच्याकडे आला. वास्तुशांती, बारसं, डोहाळजेवण, जिथे भजन तिथलं मानधन वहीत. चुकून दहा रुपये जास्त आले तरी परत करायला रिक्षाने जायच्या, रिक्षाचे तीस.

तुमच्याकडे आहेत अशा कोणी? लिहा.

खारीबिस्कीट:
"ते झोपायचे ना रे दुपारी." बाई गं.
कुकर लावलाय, नंतर येते.

घोडबंदरवाली:
माझी मावशी. सातवीनंतर शाळा बंद, मग लग्न, मुलं, दिराची मुलं, सगळं. बासष्टाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली. तेव्हा बारावी नसलेल्यांनाही त्यातून पदवीला जाता यायचं. रविवारी संपर्कसत्राला गेली तर शिपाई म्हणाला, पालकांनी बाहेर थांबा. ती थांबली!! अर्ध्या तासाने सरांनी हजेरी घेतली तेव्हा बाहेरून "हजर" म्हणाली.

बीए झाली. राज्यशास्त्र. आता सोसायटीच्या एजीएमला उपविधींचं पुस्तक घेऊन जाते, खुणेला बसची तिकिटं लावलेली. सेक्रेटरी तिला बघून पाणी पितो.

पाऊसवेडी:
मावशी भाड्याने मिळतील का? आमची बिल्डिंग पाडून तीन वर्षं झाली, बिल्डरने भाडं थकवलंय. कमिटी नुसती "बघू" म्हणते.

घोडबंदरवाली:
@पाऊसवेडी करारनामा रजिस्टर्ड आहे का? मावशी पहिलं हेच विचारेल.

पाऊसवेडी:
आहे गं. विषय भरकटला, सॉरी. रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नेरूळची नात:
मुरबाडजवळ फांगणे गावात आजीबाईंची शाळा आहे ना, २०१६ च्या महिलादिनी सुरू झालेली, सगळ्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसतात, ती बातमी आजीने टीव्हीवर पाहिली. आपल्याच जिल्ह्यातली, आपल्याच वयाची माणसं! दुसऱ्या दिवशी माझ्या भावाची जुनी पाटी शोधायला लावली. तीन महिन्यांत सही यायला लागली. पेन्शनला बँकेत गेलो तर अंगठा द्यायला ठाम नकार, शाईच्या पॅडकडे बघितलंसुद्धा नाही.

गंमत पुढे आहे. तिची सही दर वेळी वेगळी. कधी काना राहतो, कधी आडनाव ओळीखाली उतरतं. बँकवाले म्हणाले, आजी, जुळत नाही, अंगठाच द्या. ती म्हणाली, "मी तीच आहे, अक्षर सुधारतंय." शेवटी मॅनेजर बाईंनी केबिनमध्ये बसवून पुन्हा नमुना सही घेतली.

आता एनएमएमटीच्या बसची पाटी स्वतः वाचते. आणि दुकानांच्या पाट्या. मोठ्याने. सगळ्या. स्टेशनपासून घरापर्यंत.

खारीबिस्कीट:
"अक्षर सुधारतंय" 😂😂 आजींना साष्टांग

सेक्टर १७:
थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. सगळ्यांनी म्हातारपणी काहीतरी करून दाखवायलाच हवं का? माझी आई बत्तीस वर्षं ठाण्याहून सीएसटीला लोकलने गेली. डब्यात भाजी निवडली, माझ्या फ्रॉकला टाके घातले, उभ्याने झोपली. रिटायर झाली त्याच महिन्यात माझं बाळंतपण. नंतर आम्हीच कौतुकाने तिला योगा, वारली पेंटिंग, काय काय सुचवत बसलो. एकदा चिडली. "मला दुपारी झोपू दे गं कोणीतरी."

मुलाला पाळणाघरात घातलं. आई आता दुपारी झोपते. पाचला नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' तलावाला एक फेरी, मैत्रिणी, शेवपुरी. चेहराच बदललाय तिचा. माझ्या लेखी तिची नवी सुरुवात हीच.

घंटाळीकर:
@सेक्टर १७ रागवायचं काय त्यात, बरं झालं लिहिलंत. एकीला दुपारी कोणी झोपू देईना, दुसरीला दुपारी गाऊ देईना.

आंबटगोड:
आमच्या मासेवाल्या मावशी, दिवाळे गावच्या. त्यांना रिटायर हा शब्दच नाही. नवरा अंथरुणाला खिळला, मुलाचं काही धड नाही, तर साठीत पुन्हा मासळीची पाटी घेऊन बाजारात बसल्या. नोटाबंदीत कोणाकडेच सुट्टे नव्हते, धंदा बसला. नंतर क्यूआर आला तेव्हा बाजारात सगळ्यात आधी यांनी लावला. तो यंत्राचा आवाज पैसे आले म्हणून ओरडतो ना, तोवर पिशवी हातात देत नाहीत. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? "तुज्यावर हाय गो, तुज्या नेटवर नाय."

सुरमई कितीला मिळाली ते विचारू नका, पोटात दुखेल.

पाऊसवेडी:
कितीला?

आंबटगोड:
सांगितलं ना नको विचारू म्हणून.

खारीबिस्कीट:
आले एकदाची. माझी आई. रेल्वेने मार्च २०२० ला ज्येष्ठांची सवलत बंद केली, बायकांना ५८ नंतर अर्धं तिकीट होतं ते गेलं, त्याचा तिला अजून राग आहे. बाबांच्या आजारपणात दहा वर्षं घराबाहेर पडली नव्हती, आणि फिरायचं ठरवलं तर हे. मग मार्च २०२३ ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून ती आणि तिच्या मैत्रिणी ठाण्याच्या खोपट एसटी स्टँडवरून सुटतात त्या दोन-तीन दिवस गायब. हॉटेल बुकिंग वगैरे काही नाही, भक्तनिवास. फोन केला तर "डोंगरात आहे, आवाज येत नाही" म्हणून ठेवून देते. आवाज चांगला येत असतो.

७५ नंतर एसटी पूर्ण फुकट. वाढदिवसाची एवढी वाट बघणारी म्हातारी मी दुसरी पाहिली नाही. आधारवरची जन्मतारीख शाळेत घालताना वर्षभर पुढची लावली होती म्हणून आता मेलेल्या हेडमास्तरांना शिव्या.

घोडबंदरवाली:
@खारीबिस्कीट ग्रुपमध्ये जागा आहे का? माझ्या सासूबाईंना न्यायचं होतं. बस लागते त्यांना, पण तिखटमिठाच्या पुऱ्या फार छान करतात.

खारीबिस्कीट:
विचारलं आईला. म्हणते पुऱ्या असतील तर खिडकी देऊ. किती पुऱ्या ते कळव.