सल्ला हवा: शेतातल्या जुन्या पीव्हीसी पाइपांचं काय करावं?

वाघूरकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, केळीवाले. जुनी पाइपलाइन उकरून नवीन टाकतोय. बांधावर ढीग पडलाय: राखाडी पाइपांचे तुकडे, एल्बो, टी, फवारणीचा कडक झालेला होज, ठिबकच्या नळ्या, सगळं एकत्र. शेजारचे म्हणतात पेटवून दे. भंगारवाला मागतोय, पण भाव अगदी पडेल. चुलतभावाच्या डोक्यात वेगळंच: एमआयडीसीत ग्राइंडर टाकू आणि त्याच चुऱ्याचे पाइप काढू. काय करावं? नवीन पाइप घेताना काय बघावं, तेही सांगा.

रानवाट:
पेटवू अजिबात देऊ नका. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, डोळे आणि घसा धरतो. उघड्यावरच्या अर्धवट जळण्यात डायॉक्सिनं, म्हणजे अतिशय विषारी रसायनंही तयार होतात. ती मातीत वर्षानुवर्षं राहतात, चाऱ्यावर बसतात आणि गुरांच्या दुधापर्यंत पोचतात. शेजाऱ्यांना हे एकदा नीट समजावून सांगा, बहुतेकांना माहीतच नसतं.

मिक्सरवाला:
पाइपच्या कारखान्यात मिक्सिंगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाव पडतो तो सरमिसळीमुळे. आधी वेगळं करा. ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात. माती धुऊन तुकडा पाण्यात टाका, तो तरंगेल आणि पीव्हीसी तळाला जाईल. होज मऊ पीव्हीसीचा, त्यात प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन असतं, तो कडक पाइपात मिसळायचा नाही. घरातल्या गरम पाण्याचे फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप असतील तर तेही बाजूला, त्यांना वितळायला जास्त तापमान लागतं. तरीही शंका राहिली तर तांब्याची तार लाल करा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. हे उघड्यावर, धूर अंगावर येणार नाही असं, वाऱ्याकडे पाठ करून करा, आणि कणभरच.

आता मुख्य गोष्ट. पीव्हीसी नुसतं तापवलं तर नीट वितळायच्या आतच करपायला लागतं, पिवळं पडतं, मग तपकिरी. म्हणून मिक्सरमध्ये रेझिनबरोबर (पीव्हीसीची कच्ची भुकटी) स्टॅबिलायझर, म्हणजे करपू न देणारं रसायन, घालावाच लागतो. आपल्याकडे कित्येक वर्षं तो शिशाचा होता. पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले, आता कॅल्शियम-झिंक वापरतात. म्हणजे तुमच्या ढिगात शिसं आहे असंच धरून चाला. पाइप अखंड असेपर्यंत ते बरंचसं आत अडकलेलं असतं. ग्राइंडरवर धूळ उडाली की कामगाराच्या फुप्फुसात जातं. चुलतभावाला सांगा, धूळ ओढणारी यंत्रणा आणि मास्क नसेल तर हा धंदा नकोच. आणि त्या चुऱ्याचे पाण्याचे पाइप तर मुळीच नकोत. कारखान्यात आम्ही आमच्याच लाइनवरचं स्वच्छ कटिंग परत घेतो. बाहेरचं भंगार पिण्याच्या पाण्याच्या पाइपात जाता कामा नये.

वाघूरकाठ:
मग हा जुना चुरा जातो तरी कुठे? कोणाला द्यावा?

मिक्सरवाला:
युरोपात शिशाचे स्टॅबिलायझर २०१५ अखेर बंद झाले, पण जुना माल अजून निघतोच. तिथे तो पिण्याच्या पाण्याचे सोडून इतर बहुस्तरीय पाइपांच्या मधल्या थरात घालतात, आतून-बाहेरून नव्या मालाचा थर देऊन. मला हा मार्ग पटतो. शिसं पसरत नाही आणि मालही वाया जात नाही. तुम्ही देताना त्या युनिटकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा, आणि चुऱ्याचं पुढे काय बनतं ते सरळ विचारा. उत्तर टाळणाऱ्याला माल देऊ नका, दोन रुपये जास्त देत असला तरी.

निंबोरा:
नवीन पाइपाबद्दल माझं. आयएस ४९८५ (पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचं भारतीय मानक) आणि सीएम/एल क्रमांक, म्हणजे बीआयएसच्या परवान्याचा नंबर, पाइपावर छापलेला असतो. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघा, परवाना कोणाचा आहे ते दिसतं. नुसत्या वजनावर भुलू नका. स्वस्त पाइपात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी, वारेमाप भरतात. पाइप हाताला जड लागतो, पण ठोकला की काचेसारखा फुटतो. दुकानात तुकडा मागून वाकवून बघायला लाजू नका. आणि आणलेला पाइप उन्हात टाकून ठेवू नका, वरून पांढुरका पडतो आणि ठिसूळ होतो. जमिनीत गाडला तर मात्र पिढी काढतो.

वाघूरकाठ:
आभार मंडळी. चुलतभावाला धागा वाचायला दिलाय. चुऱ्याचे पाइप बनवायचा विचार त्यानं सोडला. गावातला माल गोळा करून, निवडून, धुऊन द्यायचं काम करू म्हणतोय. ठिबकच्या नळ्या आजच वेगळ्या काढल्या. भुसावळ-जळगाव भागात संमतीपत्र असलेलं, शिशाच्या मालाचं काम नीट करणारं युनिट कोणाच्या प्रत्यक्ष पाहण्यात असेल तर जरूर कळवा. एल्बोंवर जुनं सोल्व्हेंट सिमेंट (पाइप जोडायचा चिकट पदार्थ) चिकटलंय, ते कापून टाकावं की तसंच चालतं?

मिक्सरवाला:
सिमेंट चालतं, ते बहुतेक पीव्हीसीचंच असतं. पण रबरी रिंग, लोखंडी क्लॅम्प आणि पितळी इन्सर्ट काढाच, ग्राइंडरचं पातं तेच खातात.